आभाळाचा पहारा : नळदुर्गच्या बुरुजापासून रडारच्या पडद्यापर्यंत

पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

नकाशा घ्या आणि मुंबई व हैदराबाद ही दोन शहरं पट्टीनं सरळ जोडा. ती रेघ आपल्या नळदुर्गच्या जवळून जाते. खाली सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकची रांग असते, ती आपल्याला दिसते, तिचा त्रासही होतो. वर दहा किलोमीटर उंचीवर तशीच एक वाहतूक चालू असते. तिच्याकडे आपण फक्त रात्री लुकलुकणारा दिवा म्हणून बघतो. त्या दिव्यात दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात आणि त्या दिव्यावर कुणीतरी नजर ठेवून असतं.

हे 'कुणीतरी' म्हणजे कोण? माणूस की कॉम्प्युटर?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावरची एक यंत्रणा बिघडली, आठशेहून जास्त विमानांना उशीर झाला आणि सोशल मीडियावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, इतकं सगळं कॉम्प्युटरवर सोडलंच कशाला? दुसरा म्हणाला, एआयच्या जमान्यात अजून माणसं लागतातच कशाला? मला वाटतं, दोघांनी मिळून एक इतिहास विसरलाय. तो इतिहास सांगायला सुरुवात मी आपल्या किल्ल्यापासूनच करतो.

नळदुर्गच्या किल्ल्यात उपळी बुरूज आहे. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा. तिथं उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याचं काम काय होतं? नीट बघितलं तर चार कामं होती. बघणं, म्हणजे लांबवर धूळ उडतेय का. ओळखणं, म्हणजे ती धूळ आपल्या माणसांची, व्यापाऱ्यांच्या बैलांची की शत्रूच्या घोड्यांची. ठरवणं, म्हणजे आता दरवाजा बंद करायचा की उघडा ठेवायचा. आणि सांगणं, म्हणजे खालच्याला वेळेत कळवणं. बघणं, ओळखणं, ठरवणं, सांगणं. ही चार कामं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

आता विमानांकडे येऊ.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एक इंजिनाचं छोटं विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरवलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतातल्या विमानसेवेची ही सुरुवात. त्या विमानात रेडिओ नव्हता. खाली रडार नव्हतं, टॉवर नव्हता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, तेव्हा हा सगळा कारभार पुण्याला हलवायचे. चारही कामं वैमानिकाच्या दोन डोळ्यांवर होती आणि भागतही होतं, कारण आभाळ रिकामं होतं.

रिकाम्या आभाळाची दुसरी बाजू नळदुर्गच्या माणसाला तरी सांगायला नको. १९४८ साली आपण निजामाच्या राज्यात होतो आणि सोलापूर स्वतंत्र भारतात. हैदराबादची नाकेबंदी चालू होती. त्या काळात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकास्ट्रियन जातीच्या मोठ्या विमानांतून कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. रात्रीची विमानं निघायची, भारताची हद्द ओलांडायची आणि बीदर, वरंगळसारख्या ठिकाणी उतरायची. दख्खनच्या आभाळावर नजर ठेवेल अशी यंत्रणा नव्हती. नंतर ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि दंड झाला तो २०० पौंड!

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं आत आली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, नळदुर्गला चकमक झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्यातली ही एक गोष्ट मात्र सांगायची राहते. रस्त्यावर नाकेबंदी करता आली, आभाळात करता आली नाही. जमिनीवर पहारा होता, वर नव्हता.

जगात तोवर पहाऱ्याची सुरुवात झाली होती. १९३५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत न्यूअर्कला विमान कंपन्यांनी एकत्र येऊन पहिलं मार्गनियंत्रण केंद्र काढलं. तिथं मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा. फोनवरून कळायचं की अमुक विमान तमुक गावावरून गेलं. मग कंट्रोलर त्या विमानाच्या नावाचा छोटा ठोकळा नकाशावर हातानं पुढे सरकवायचा. बाजूला प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेली कागदी पट्टी असायची. हिलाच पुढे 'स्ट्रिप' म्हणायला लागले. ही स्ट्रिप फार गुणी वस्तू निघाली. विमानाचं नाव, उंची, वेळ, मार्ग, सगळं त्यावर. बदल झाला की पेनानं खोडून लिहायचं. दोन विमानं एकाच उंचीवर येणार असं वाटलं की दोन पट्ट्या शेजारी, जरा तिरक्या ठेवायच्या, म्हणजे विसर पडत नाही. जगातल्या अनेक टॉवर्समध्ये ही पट्टी आजही जिवंत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आलं. बघण्याचं काम यंत्रानं घेतलं. पण रडारच्या पडद्यावर दिसायचा फक्त ठिपका. कोण आहे, किती उंचीवर आहे, काही नाही. ओळखायचं काम माणसाकडेच राहिलं.

इथं एका अहवालाचं नाव घ्यायलाच हवं. १९५१ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत एक अभ्यास झाला. विषय हाच, हवाई वाहतूक नियंत्रणात माणसानं काय करावं आणि यंत्रानं काय. त्यांनी साधी यादी केली. यंत्र चटकन प्रतिसाद देतं, तेच तेच काम न कंटाळता करतं, हिशेब बिनचूक करतं, एकाच वेळी अनेक कामं सांभाळतं. माणूस अर्धवट माहितीतून आकार ओळखतो, अडचणीत नवी वाट काढतो, जुना अनुभव नेमक्या वेळी आठवतो आणि तारतम्य वापरतो. आज सत्तर वर्षांनंतर एआयच्या चर्चेत आपण जे वाद घालतोय, त्यातले बरेचसे त्या यादीतच आहेत. आणि ती यादी झाली होती कंट्रोलर्सच्या कामासाठी.

आता आपल्या देशातला तो काळा दिवस.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. दिल्लीहून सौदीचं बोइंग ७४७ वर चढत होतं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन ७६ उतरायला येत होतं. येण्याजाण्याचा रस्ता एकच. सौदीच्या विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाकला १५,००० वर. मध्ये हजार फुटांचं अंतर, नियमाप्रमाणे पुरेसं. कंट्रोलरनं कझाक विमानाला सांगितलंही, समोरून विमान येतंय, लक्ष ठेवा. पण कझाक विमान १५,००० च्या खाली आलं. हरियाणात चरखी दादरीवर दोन्ही विमानं धडकली. ३४९ माणसं गेली. हवेत विमानं धडकून झालेला जगातला हा सगळ्यात भीषण अपघात.

कंट्रोलरला ते विमान खाली आलेलं कळलं का नाही? कारण त्याच्या पडद्यावर उंची दिसतच नव्हती. दिल्लीत तेव्हा काम चालायचं जुन्या प्राथमिक रडारवर. दुय्यम रडार असतं तर विमानातला ट्रान्सपाँडर स्वतःच आपली ओळख आणि उंची कळवतो, आणि ठिपक्याशेजारी आकडा उमटतो. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगानं दोष कझाक विमानाच्या चालकांकडे दिला. पण बदल सगळीकडे झाले. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे रस्ते वेगळे केले. मोठ्या विमानांना 'टीकॅस' सक्तीचं झालं.

हे टीकॅस म्हणजे विमानातलंच एक यंत्र. ते जवळच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी बोलतं आणि धडक होईलसं वाटलं तर एका वैमानिकाला 'वर जा' आणि दुसऱ्याला 'खाली जा' असं सांगतं. म्हणजे बघणं झालं, ओळखणं झालं, आता सांगणंसुद्धा यंत्राकडे गेलं. मग प्रश्न मिटला?

नाही. नवा प्रश्न उभा राहिला. यंत्र एक सांगतंय आणि कंट्रोलर दुसरं, तर ऐकायचं कुणाचं?

३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये हाच घोळ झाला आणि दोन जपानी विमानं थोडक्यात वाचली. त्यातून जगाचा नियम स्पष्ट व्हायच्या आत १ जुलै २००२ उजाडला. जर्मनीत उबरलिंगेन गावावर एक रशियन तुपोलेव आणि एक मालवाहू बोइंग एकाच उंचीवर एकमेकांच्या वाटेत येत होते. नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झुरिक केंद्राकडे. रात्रपाळीला एकच कंट्रोलर कामावर, दुसरा विश्रांतीला गेलेला. दोन पडदे, दोन जागा, माणूस एक. देखभालीच्या कामामुळे धोक्याची आगाऊ सूचना पडद्यावर दाखवणारी सोय बंद. फोनची मुख्य लाइनही बंद. शेजारच्या जर्मन केंद्रातल्या कंट्रोलर्सना धोका दिसत होता, ते फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता.

झुरिकच्या कंट्रोलरचं लक्ष गेलं तेव्हा मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं. त्यानं तुपोलेवला सांगितलं, खाली या. त्याच क्षणी तुपोलेवचं टीकॅस सांगत होतं, वर जा. बोइंगचं टीकॅस सांगत होतं, खाली जा. तुपोलेवच्या वैमानिकांनी माणसाचं ऐकलं, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचं. दोन्ही विमानं खाली आली आणि धडकली. ७१ जण गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. दीड-पावणेदोन वर्षांनी त्या कंट्रोलरचाही खून झाला. बायको-मुलं गमावलेल्या एका बापानं त्याच्या दारात जाऊन त्याला मारलं.

या अपघातानंतर नियम पक्का झाला की टीकॅसनं आदेश दिला तर कंट्रोलर काहीही सांगो, टीकॅसचंच ऐकायचं. बरोबर नियम आहे. पण स्विस कोर्टानं २००७ मध्ये काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. त्या केंद्राच्या चार जणांना दोषी धरलं. रात्री एकाच माणसावर दोन जागांचं काम टाकायची पद्धत चालू दिली, ही त्यातली मूळ गोष्ट होती. यंत्र बंद ठेवायचं तर माणसं वाढवायला हवीत, एवढं साधं तारतम्य कुणी दाखवलं नव्हतं.

आता आजचं चित्र बघू. भारताचं आभाळ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत वाटलेलं आहे. कंट्रोलरच्या पडद्यावर प्रत्येक विमानाशेजारी त्याचं नाव, उंची, वेग उमटतो. रडारची माहिती आणि उपग्रहावरून जागा ओळखून विमान स्वतः पाठवतं ती माहिती, दोन्ही जोडून एकच चित्र तयार होतं. दोन विमानं ठरलेल्यापेक्षा जवळ येणार असली की लेबलचा रंग बदलतो. एक क्षेत्र संपलं की विमान दुसऱ्या कंट्रोलरच्या हवाली करायचं कामही बरंचसं कॉम्प्युटर करतो. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून केलेली 'गगन' ही उपग्रह यंत्रणा विमानाची जागा आणखी अचूक सांगते.

या मदतीशिवाय आजची वाहतूक शक्यच नाही. मुंबईचंच घ्या. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्या एकीवर २०१८ मध्ये एका दिवसात ९८० विमानं चढली-उतरली. हिशेब करा, चोवीस तास धरले तरी सरासरी दीड मिनिटाला एक. ठोकळे सरकवून हे होणार नाही. ज्यांना वाटतं की कॉम्प्युटर काढून टाकावा, त्यांनी हा आकडा पाठ करावा.

आणि ज्यांना वाटतं की माणूस काढून टाकावा, त्यांच्यासाठी ही पुढची गोष्ट.

२८ ऑगस्ट २०२३. ब्रिटनच्या हवाई नियंत्रणाच्या कॉम्प्युटरकडे एका विमानाचा आराखडा आला. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणारं विमान. आराखड्यातल्या मार्गात एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणं होती. एक अमेरिकेत डेव्हिल्स लेकजवळ, दुसरं फ्रान्समध्ये दोव्हिलला. कॉम्प्युटरचा गोंधळ उडाला आणि चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःला बंद करून घेतलं. मग बदली कॉम्प्युटर पुढे आला. त्याच्यात तोच प्रोग्रॅम. त्यानंही तोच आराखडा वाचला आणि तोही बंद पडला. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आसपास. सात लाखांहून जास्त प्रवासी अडकले.

आपल्याकडे 'वडगाव' म्हटलं की एसटीचा कंडक्टर काय विचारतो? "कुठलं वडगाव?" एका प्रश्नात काम होतं. त्या कॉम्प्युटरला तो प्रश्न विचारता आला नाही. फिट्सच्या यादीतलं 'तारतम्य' ते हेच.

तरीही त्या दिवशी विमानं धडकली नाहीत. का? कारण यंत्र थांबल्यावर माणसांनी आराखडे हातानं भरायला घेतले आणि विमानांची संख्या हाताला झेपेल इतकी कमी केली. दिल्लीत ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला हेच झालं. विमानांचे आराखडे आणि संदेश कंट्रोलरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी यंत्रणा बिघडली. रडार चालू होतं, रेडिओ चालू होता, पण आराखडे आपोआप येईनात. कंट्रोलर्सनी ते हातानं भरले. प्रवासी चिडले, विमानतळावर रांगा लागल्या. पण एकही विमान दुसऱ्याला धडकलं नाही. बातम्यांमध्ये 'गोंधळ' हा शब्द आला. मी म्हणेन, पहारा चोख दिला.

यात एक बोचरी गोष्ट आहे. कंट्रोलर्सच्या संघटनेनं या बिघाडाच्या काही महिने आधीच, यंत्रणा मंदावत चालल्यात, त्या सुधारा, असं लेखी कळवलं होतं. म्हणजे बुरुजावरच्या माणसानं चौथं काम, सांगण्याचं, केलं होतं. खाली ऐकणारं कोण होतं?

हे समजायला आपला पाणीमहाल उपयोगी पडतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर हा बांध झाला. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की नर आणि मादी या दोन धबधब्यांतून आपोआप खाली पडतं. कुणी दार उघडायला लागत नाही. धबधबा पडत असताना बांधाच्या पोटातल्या महालात माणूस कोरडा बसू शकतो. चारशे वर्षांपूर्वीची ही स्वयंचलित यंत्रणाच म्हणायची. पण आपोआप पाणी सोडणारा बांध आपोआप स्वतःची डागडुजी करत नाही. गाळ साचला, दगड निखळला, झाड उगवलं, हे बघायला माणूस लागतोच. आणि तो माणूस महालात कोरडा बसलेला पाहून 'हा काय काम करतो?' असं विचारणं सोपं असतं.

कंट्रोलरचं आज तसंच झालंय. यंत्र जितकं चांगलं, तितका माणूस दिवसभर नुसता बघत बसल्यासारखा दिसतो. मग माणसं कमी करायचा मोह होतो. पण यंत्र बिघडतं त्या तासाला त्याच माणसाला सगळं हातानं करावं लागतं, तेही वाहतूक ऐन भरात असताना. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हा पेच मांडून ठेवलाय. यंत्र सोपी कामं काढून घेतं, माणसाकडे फक्त अवघड कामं उरवतं, आणि ती करायचा सरावही हळूहळू मोडतं.

म्हणून प्रश्न माणूस की यंत्र हा नाहीच. खरा प्रश्न असा की यंत्र थांबलं तर काम हातात घेतील इतकी माणसं पाळीवर आहेत का, त्यांची झोप झालीय का, हातानं काम करायचा सराव त्यांना दिला जातो का, आणि त्यांनी धोका कळवला तर वरचा साहेब ऐकतो का. ही माणसं म्हणजे यंत्रणेबाहेरचा फालतू खर्च नव्हे, ती यंत्रणेचाच भाग आहेत. ती कशी घडतात हे बघायला फार लांब जायला नको. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाला विमानतळ प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आहे. घरातल्या पोरापोरींना भौतिकशास्त्र आणि गणित आवडत असेल तर हे क्षेत्र त्यांच्या कानावर जरूर घाला.

आपल्या भागात आता विमान येऊ लागलंय. जून २०२५ पासून सोलापूर-गोवा, ऑक्टोबरपासून सोलापूर-मुंबई. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. प्रत्येक उद्घाटनाला पुढारी धावपट्टीची लांबी सांगतात, टर्मिनलची काच दाखवतात, आपण फोटो काढतो. काढावेत, आनंद आहेच. पण पुढच्या वेळी खासदार-आमदार भेटले तर एक प्रश्न जरूर विचारा. साहेब, आभाळाच्या पहाऱ्यावर किती माणसं मंजूर आहेत, आणि त्यातली किती जागेवर आहेत?